दवंडी पिटणे : अर्थ, उगम आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवंडी पिटणे म्हणजे नेमकं काय?

वाद्य वाजवून लोकांचं लक्ष वेधायचं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एखादी गोष्ट जाहीर करायची, याला दवंडी पिटणे म्हणतात. एवढा अर्थ कुठल्याही शब्दकोशात मिळतो. पण त्याच्या आत दोन-तीन गोष्टी आहेत, त्या धरल्या की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. दवंडी देणारा स्वतःचं काही सांगत नसतो, त्याला पाटलानं, तलाठ्यानं, पंचायतीनं, कोर्टानं, म्हणजे कोणीतरी अधिकार असलेल्यानं पाठवलेलं असतं. तो कोणा एकाच्या दारात जाऊन सांगत नाही, भर रस्त्यात सांगतो, ज्याला ऐकायचंय आणि ज्याला ऐकायचं नाही अशा दोघांनाही सांगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदा दवंडी झाली की "मला कुणी सांगितलंच नाही" असं म्हणायची सोय राहत नाही. पण ही अट दोन्ही बाजूंनी लागू होते बरं का, कारण ज्यानं दवंडीच दिली नाही त्यालाही नंतर "तुम्हाला माहीत असायला हवं होतं" असं लोकांना सुनावता येत नाही. माझ्या मते या शब्दाचा खरा जीव इथे आहे.

प्रत्यक्षात दवंडी देतात कशी?

ज्यांनी कधी ऐकली नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. माणूस चावडीपासून निघतो, गळ्यात हलगी किंवा डफ, कुठे ढोल, आणि काहीच नसेल तर पत्र्याचा डबासुद्धा चालतो. हलगी म्हणजे गोल कड्यावर कातडं ताणलेलं चपटं वाद्य, दोन काड्यांनी वाजवतात, एक जाड आणि एक बारीक, आणि वाजवायच्या आधी विस्तवावर शेकून घेतली की कातडं ताठतं आणि आवाज कडक निघतो. मग वेशीत, पारापाशी, देवळासमोर, तिठ्यावर असं ठरलेल्या जागी थांबायचं आणि आधी नुसती हलगी. ठोके सलग पडायला लागले की पोरं धावत येतात, कुत्री भुंकायला लागतात, भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबतो, कुणीतरी ओसरीवर येऊन उभं राहतं. मग हलगी एकदम बंद. आणि त्या गप्प झालेल्या क्षणात "ऐका होऽऽ ऐका!"

त्यानंतर मजकूर, तोही एका दमात बोलता येईल एवढाच. "उद्या सकाळी धा वाजता गरामसभा हाय, समद्यांनी चावडीवर यायचं होऽऽ!" शेवटचा "हो" लांबवतात कारण लांबवलेला स्वर लांबपर्यंत जातो आणि ऐकणाऱ्याला कळतं की वाक्य संपलं. परत ढुम ढुम ढुम, आणि पुढच्या आळीला. तोच मजकूर, तेच शब्द, प्रत्येक ठिकाणी. एका आळीत एक आणि दुसऱ्या आळीत दुसरं असं सांगितलं तर गावात भांडणं लागतील, म्हणून चांगला दवंडीवाला शब्द बदलत नाही.

हा शब्द आला कुठून?

दवंडी हे आधी वाद्याशी जोडलेलं नाव आहे आणि मग त्या वाद्यावर सांगितलेल्या बातमीचं नाव झालं. हिंदीत याचं भावंड आहे "डौंडी", त्याचा अर्थ ती छोटी ढोलकी असाही होतो आणि तिच्यावर केलेली घोषणा असाही होतो. आपल्याकडे काही भागात "दौंडी" असंही ऐकू येतं, त्यावरून नातं सहज दिसतं. ड आणि द यांची अदलाबदल आपल्या भाषांमध्ये नेहमीचीच, दंड आणि डंडा, दंश आणि डंख ही रोजची उदाहरणं आहेत.

पद्धत मात्र शब्दापेक्षा खूपच जुनी आहे. संस्कृतात अशा वाद्याला डिंडिम म्हणायचे, पटह म्हणायचे, आणि भेरी तर होतीच. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकात शेवटच्या, दहाव्या अंकात नायक चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेताना चांडाळ जागोजागी थांबतात, डिंडिम वाजवतात आणि त्याचा गुन्हा ओरडून सांगतात, "ऐका हो आर्य, ऐका" अशीच सुरुवात करून. थांबायच्या जागांना तिथे घोषणास्थान असा शब्द आहे. म्हणजे ठरलेल्या जागी थांबणं, आधी वाद्य, मग "ऐका", मग मजकूर हा सगळा साचा तेव्हाही होता, आणि आपल्या गावातली दवंडी त्याच साच्यातली आहे हे वाचून मला तरी फार भारी वाटलं होतं. त्याहून मागे जायचं तर सम्राट अशोकाच्या चौथ्या शिलालेखात भेरीघोषाचा आता धम्मघोष झाला असं म्हटलंय. भेरीचा आवाज लोकांना युद्धासाठी माहीत होता, तोच आता धम्म सांगण्यासाठी, असा त्याचा भाव.

आणि "पिटणे" हेच क्रियापद का? "वाजवणे" का नाही?

पिटणे म्हणजे मूळ अर्थानं ठोकणे, बडवणे. पण मराठीत आता हे क्रियापद एकटं फारसं फिरत नाही, ठरावीक जोडीदारांबरोबरच येतं. दवंडी पिटणे, डांगोरा पिटणे, डंका पिटणे, हाकाटी पिटणे, टाळ्या पिटणे, छाती पिटणे. पोराला मारलं तर आपण "पिटलं" म्हणत नाही, "बडवलं" नाहीतर "चोपलं" म्हणतो, "पिटलं" म्हटलं की हिंदीचा वास येतो. या जोड्या बघितल्या तर सगळीकडे आवाज आहे आणि सगळीकडे तो दुसऱ्यांना ऐकू जावा म्हणून केलेला आहे. हलगी वाजवणे म्हणजे लग्नातही वाजवतात, कुस्तीच्या फडातही वाजवतात, पण दवंडी "वाजवली" असं कुणी म्हणत नाही.

दवंडी पिटली, पिटवली, दिली, फिरवली – यातलं बरोबर कुठलं?

सगळीच बरोबर आहेत, पण अर्थात फरक आहे. जो हातानं वाजवतो आणि तोंडानं सांगतो तो दवंडी पिटतो किंवा देतो. जो हुकूम देतो तो पिटवतो. "पाटलांनी दवंडी पिटवली" आणि "कोतवालानं दवंडी पिटली" ही दोन्ही वाक्यं एकाच घटनेबद्दल असू शकतात. पेपरात "तहसीलदारांनी दवंडी पिटली" असं छापून येतं तेव्हा डोळ्यासमोर गळ्यात हलगी अडकवलेले तहसीलदार येतात, तिथे "पिटवली" किंवा "दवंडी द्यायला सांगितली" हवं. फिरवणे म्हटलं की गावभर हा अर्थ आला. आणि कुणी केली ते सांगायचंच नसेल तर "दवंडी फिरली", "दवंडी झाली".

शब्द स्त्रीलिंगी आहे, ती दवंडी, अनेकवचन दवंड्या. लिहिताना अनुस्वार "व"वर द्यायचा, "दंवडी" असं बऱ्याच ठिकाणी दिसतं ते चूक आहे.

डांगोरा आणि दवंडी एकच का?

मूळ अर्थानं जवळपास एकच, पण आजच्या वापरात अजिबात नाही.

डांगोरा हा शब्द आपल्या शेजाऱ्यांच्या घरात पण आहे. कन्नडमध्ये "डंगुर", आणि तिथे डंगुर पिटत नाहीत, "सारु" म्हणजे सांगत फिरतात. तेलुगू आणि तमिळमध्ये "दंडोरा", गुजरातीत "ढंढेरो", हिंदीत "ढिंढोरा". एवढ्या मोठ्या पट्ट्यात एकाच घराण्यातले वाटावेत असे शब्द दिसतात त्यावरून कळतं की हे काम किती सरसकट चालायचं.

आता तुकोबांचा अभंग बघा, "आम्ही वैकुंठवासी" हा. त्यात ते म्हणतात, "पिटूं भक्तीचा डांगोरा । कळिकाळासी दरारा". सतराव्या शतकातली गोष्ट. इथे डांगोऱ्यात फुशारकीचा लवलेश नाही, आम्हाला ज्यानं पाठवलंय त्याचा निरोप चव्हाट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगायला आलोय, कुणाला वगळून नाही, असा तो दावा आहे. "आलों याचि कारणासी" या ओळीशी जोडून वाचलं की दवंडीवाल्याची भूमिका अगदी स्पष्ट दिसते, पाठवणारा दुसरा, आवाज माझा. आणि गंमत म्हणजे त्याच्या आदल्या शतकात कर्नाटकात पुरंदरदासांनी, तेही विठ्ठलाचेच भक्त, "डंगुरव सारि" अशी सुरुवात असलेलं पद लिहिलंय, हरीचा डंगुर सांगत फिरा म्हणून. दोन भाषा, एक देव आणि एकच प्रतिमा.

तोच डांगोरा आज कसा वापरतात? "विकासाचा डांगोरा पिटला पण रस्ता काही झाला नाही". आज डांगोरा म्हटलं की पोकळ, नुसता आवाज, आत काही नाही. दवंडीला मात्र अजून थोडी इज्जत आहे, ग्रामपंचायतीनं दवंडी दिली म्हटलं तर त्यात टोमणा नसतो. म्हणून आज लिहिताना खरीखुरी सूचना असेल तर दवंडी आणि टीका करायची असेल तर डांगोरा, असा साधा भेद पाळला की पुरे.

मग "दवंडी पिटत फिरणे" हे वाईट अर्थानं का म्हणतात?

कारण तिथे पाठवणारा कुणी नसतो. "तिला सांगू नकोस, गावभर दवंडी पिटेल" म्हणजे खासगी गोष्ट, जी सांगायचा तिला अधिकार नाही, ती सगळ्यांना सांगेल. "पगार वाढला तर लगेच दवंडी पिटायची गरज आहे का" म्हणजे स्वतःच पाठवणारा आणि स्वतःच सांगणारा. दोन्हीकडे मूळ दवंडीतली एक गोष्ट गळालेली आहे, अधिकार. शब्द तिथे टोमण्याचा होतो.

याच्या आसपासचे बाकीचे शब्द थोडक्यात. स्वतःचं कौतुक स्वतःच करणं म्हणजे टिमकी वाजवणे. नको ती गोष्ट चार लोकांत आणणं म्हणजे चव्हाट्यावर आणणे, चव्हाटा म्हणजे जिथे चार वाटा मिळतात ती जागा. बोभाटा म्हणजे आरडाओरडा करून झालेली बदनामी, आणि गाजावाजा म्हणजे कामापेक्षा आवाज मोठा. उलट कीर्ती पसरली तर डंका वाजतो, तो चांगल्या अर्थानं. निवडणूक आली की पेपरवाले पडघम वाजवतात, बिगुल वाजवतात, रणशिंग फुंकतात, सगळी वाद्यं त्या महिन्याभरात निघतात. ही सगळी यादी बघितली तर आपल्या भाषेत "लोकांना कळणे" हे कानाशी किती बांधलेलं आहे ते दिसतं, वाचून कळण्याचे वाक्प्रचार यापुढे अगदी थोडे.

जाहीर करणे, घोषित करणे, घोषणा करणे – कुठे काय वापरायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि नियम सांगण्यापेक्षा वापर बघितलेला बरा.

"जाहीर" हा मूळचा अरबी शब्द, उघड, बाहेर दिसणारं असा त्याचा अर्थ, फारसीतून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की परका वाटतच नाही. त्यातूनच जाहिरात, जाहीरनामा, जाहीर सभा, जाहीर माफी, जाहीर निषेध. १८५८ च्या १ नोव्हेंबरला कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झालं तेव्हाचा तो "राणीचा जाहीरनामा" शाळेत सगळ्यांनी पाठ केलाय. "घोषित" आणि "घोषणा" संस्कृत घुष् धातूवरून, मोठ्यानं आवाज करणे. म्हणजे एका शब्दात उघडं करणं आहे आणि दुसऱ्यात आवाज.

रोजच्या बोलण्यात निकाल जाहीर होतो, सुट्टी जाहीर होते, दुष्काळ जाहीर करतात, उमेदवारी जाहीर करतात, जी गोष्ट आधी कुठेतरी ठरलेली आहे आणि आता लोकांसमोर आली तिथे जाहीर बसतं. घोषित तिथे बसतं जिथे म्हटल्यामुळेच दर्जा बदलतो. विजयी घोषित केलं, फरार घोषित केलं, डॉक्टरांनी मृत घोषित केलं. "डॉक्टरांनी मृत जाहीर केलं" असं कानाला खटकतं ते याचमुळे. अर्थात सीमा इतकी पक्की नाही, आणीबाणी जाहीर पण करतात आणि घोषित पण करतात, दोन्ही चालतं. अधिसूचित हा मात्र वेगळा, राजपत्रात छापून आलं तरच तो वापरा, नुसतं मंत्र्यांनी सभेत सांगितलं तर ते अधिसूचित होत नाही.

"घोषणा दिली" आणि "घोषणा केली" सारखंच ना?

नाही, आणि यात भल्याभल्यांची गल्लत होते. घोषणा करणे म्हणजे एखादा निर्णय जाहीर करणे. घोषणा देणे म्हणजे मोर्चात ओरडतात ते, जिंदाबाद, मुर्दाबाद, झालाच पाहिजे. "मंत्र्यांनी नव्या योजनेची घोषणा दिली" असं लिहिलं तर मंत्री मूठ वर करून ओरडले असा अर्थ होतो. अनेकवचनाकडे लक्ष ठेवलं की बऱ्याचदा ओळखता येतं, मोर्चात घोषणा देतात त्या बहुधा अनेक असतात, आणि निर्णयाची घोषणा एक असते. दवंडी मात्र देतात पण आणि पिटतात पण, तिथे "देणे" मुळे असा काही फरक पडत नाही.

"पुकारणे" यात कुठे बसतं?

संप पुकारतात, बंद पुकारतात, बंड पुकारतात, लिलाव पुकारतात. यातल्या पहिल्या तिन्ही ठिकाणी पुकारणारा लोकांना काहीतरी करायला बोलावतोय, नुसतं कळवत नाहीये. कोर्टातला पुकारा मात्र वेगळा. केसची पाळी आली की पट्टेवाला दारात येऊन पक्षकाराचं नाव मोठ्यानं पुकारतो, आणि बाहेर बाकड्यावर बसलेला माणूस पुकाऱ्याच्या वेळी चहाला गेला असेल तर त्याची फजिती होते, कारण पुकारा झाला म्हणजे त्याला बोलावलं गेलं असं धरतात. इथे पुन्हा तेच तत्त्व, मोठ्यानं, ठरलेल्या जागी, आणि एकदा झालं की कारण चालत नाही.

आवाहन की आव्हान?

लोकांना विनंती करायची असेल तर आवाहन. अंगावर घ्यायचं असेल तर आव्हान. "नागरिकांना पाणी जपून वापरण्याचे आव्हान" असं छापलेलं दिसतं तेव्हा पंचायत गावाशी कुस्ती खेळायला निघाल्यासारखं वाटतं. दवंडीत, पत्रकात, बोर्डावर जवळजवळ नेहमी आवाहनच हवं असतं.

पूर्वी दवंडी कोण पिटायचं?

याचं उत्तर सरळ द्यायला हवं. गावगाड्यात हे काम जातीनं वाटलेलं होतं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ते महार समाजाकडे होतं, येसकर म्हणून वेशीची राखण करणारा, सांगावा पोचवणारा, सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री धावणारा, आणि दवंडी देणारा. काही ठिकाणी मांग समाजातले हलगीवादक हे काम करायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजं वतन आणि बलुतं, आणि कामाला ना वेळ ना नकार द्यायची सोय. ज्याच्या आवाजावर अख्खं गाव विसंबून होतं त्यालाच गावाबाहेर राहावं लागायचं, चावडीच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं. हा शब्द गोड गोड आठवणी म्हणून वापरताना हे विसरलं तर ते खोटं होईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाबद्दलचं बिल मांडलं ते या वेठीविरुद्धच होतं. पुढे १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं रद्द झाली आणि हे काम जातीवरून सुटून नेमणुकीवर आलं, तलाठ्याच्या हाताखालचा कोतवाल दवंडी देऊ लागला. आंध्रात हेच दवंडीचं काम ज्यांच्या वाट्याला आलं होतं त्या मादिगा या दलित समाजानं १९९० च्या दशकात आरक्षणाच्या वर्गीकरणासाठी, म्हणजे अनुसूचित जातींच्या आरक्षणात वेगळा वाटा मिळावा म्हणून, चळवळ उभी केली तिचं नावच "मादिगा दंडोरा" पडलं. जे वाद्य दुसऱ्यांचे हुकूम सांगण्यासाठी गळ्यात अडकवलं होतं त्याच्यावर स्वतःची मागणी सांगितली, हे मला फार मोठं वाटतं.

आज कायद्यात दवंडीला काही जागा आहे का?

आहे, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश २१, नियम ५४ काढून बघा. कोर्टानं स्थावर मालमत्ता जप्त केली तर तो हुकूम त्या मालमत्तेच्या जागी किंवा लगत, ढोल वाजवून किंवा तिथल्या रूढ पद्धतीनं जाहीर करायचा असं तिथे अजून लिहिलेलं आहे. शिवाय हुकमाची प्रत मालमत्तेवर आणि कोर्टात ठळक जागी डकवायची, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर गावातली जमीन असेल तर ग्रामपंचायत कचेरीतसुद्धा. लिलावाच्या जाहीरनाम्याला पण शक्यतो हीच रीत लागते. एखाद्याची जमीन लिलावात निघाली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना, त्यात हिस्सा असलेल्या भावाबहिणींना पत्ताच लागला नाही असं होऊ नये म्हणून हे आहे. रीत पाळली नाही, त्याच्यामुळे आपलं खरंखुरं नुकसान झालं असं दाखवता आलं तर लिलाव रद्द करून मागता येतो, म्हणून वकील लोक हा कागद नीट बघतात.

फौजदारी बाजूला फरार आरोपीसाठी उद्घोषणा असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ मध्ये ती आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ मध्ये होती. तो माणूस जिथे नेहमी राहतो त्या गावात किंवा शहरात ठळक जागी ती जाहीरपणे वाचून दाखवायची, घरावर लावायची, कोर्टात लावायची आणि हजर व्हायला कमीत कमी ३० दिवस द्यायचे. ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते आणि गावात दवंडीही देतात, ती झाली नाही तर गावकऱ्यांनी जरूर विचारावं.

आणि पेपरच्या आतल्या पानात छोट्या अक्षरात येते ती "जाहीर नोटीस", म्हणजे माझे अशील अमुक गट नंबरची जमीन विकत घेत आहेत, कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, ती पण दवंडीचीच छापील बहीण आहे. ते पान बहुतेक जण उलटतात, जमीन असलेल्यांनी उलटू नये.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला तर ती दवंडी होते का?

सोयीचा आहे, जरूर टाका, पण त्याला दवंडी म्हणू नका. ग्रुपमध्ये कोण आहे ते ॲडमिन ठरवतो, दवंडीत कुणाला काढून टाकता येत नाही. फोन नसलेली म्हातारी, चार्जिंग संपलेला गुराखी, वाचता न येणारा ऊसतोड कामगार, गावात कालच आलेलं पालावरचं कुटुंब, यातल्या कुणाकडेही मेसेज पोचत नाही आणि आवाज पोचतो.

पुराच्या वेळी हे फार जाणवतं. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की कागदावर येतं, "विसर्गात वाढ करण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे". विसर्ग म्हणजे काय, सतर्क म्हणजे काय करू, हे रात्री अकराला झोपेतून उठलेल्या माणसाला कळत नाही. तेच गावातला माणूस ओरडून सांगतो तेव्हा म्हणतो, "नदीला पानी येतंय होऽऽ, मोटारी काढा, गुरं सोडा, वरल्या अंगाला या!" दोन्हीत बातमी एकच आहे पण दुसऱ्यात काय करायचं ते आहे. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत कितीतरी गावांनी परत दवंडी सुरू केली, कुठे हलगीवर, कुठे घंटागाडीच्या स्पीकरवर, कुठे देवळाच्या भोंग्यावर, कारण अफवा मोबाइलवरच फिरत होत्या आणि लोकांना ओळखीच्या तोंडून ऐकायचं होतं. स्पीकरवरचं रेकॉर्डिंग पण चालतं, माझा त्याला विरोध नाही, फक्त गाडी इतक्या जोरात जाते की अर्धं वाक्य एका गल्लीत आणि अर्धं दुसऱ्या गल्लीत, तसं होता कामा नये. थांबायला हवं.

शाळेच्या नाटकासाठी किंवा गावच्या कार्यक्रमासाठी दवंडी लिहायची आहे, कशी लिहू?

सुरुवात "ऐका हो ऐका" नेच करा, त्यात नवीन काही शोधायची गरज नाही, ते ऐकलं की लोकांना काय येतंय ते कळतं. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की" हे लिहायच्या कागदावर ठीक आहे, तोंडी दवंडीत "गावकरी मंडळी" पुरतं. मग कोण सांगतंय ते, पंचायत, शाळा, मंडळ, एका शब्दात. मग काय आहे, कुठे आहे, कधी आहे. वार आणि तारीख दोन्ही सांगा, नुसती तारीख सांगितली तर लोक वार विचारतात. "उद्या" म्हणत असाल तर दवंडी आजच द्या, दोन दिवस तेच रेकॉर्डिंग फिरवलं की उद्या कधीचा उद्या ते कळत नाही. लोकांनी काय आणायचं असेल, आधार कार्ड, सातबारा, लहान मुलं, तर ते सगळ्यात शेवटी, कारण शेवटचं लक्षात राहतं. आणि वाक्यं छोटी. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून बघा, मध्ये श्वास घ्यावा लागला तर तिथे वाक्य तोडा.

उदाहरणादाखल : "ऐका होऽऽ ऐका! गावकरी मंडळी, शाळेकडून सांगणं हाय, येत्या रविवारी, सकाळी आठ वाजता, शाळेच्या पटांगणात डोळे तपासायचं शिबिर हाय. तपासणी फुकट हाय. म्हाताऱ्या माणसांना संगं घेऊन या, जुना चष्मा असंल तर तो बी आणा होऽऽ!"

बोलीत लिहिलंय ते मुद्दाम, तुमच्या भागात "हाय"च्या जागी "आसा" म्हणत असतील किंवा "शे" म्हणत असतील तर तसंच लिहा, दवंडी ज्या गावची त्या गावच्या तोंडची असावी.